भिंतीवरचं टाइमटेबल

॥ श्री सांब प्रसन्न ॥

पूर्णा जंक्शन, ता. २८ डिसेंबर १९३९

तीर्थस्वरूप सिद्रामप्पा अण्णा यांचे सेवेशी,
नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र आणि वहिनींनी दिलेला शेंगांच्या लाडवांचा डबा, दोन्ही गार्डबाबूंनी आठवणीनं आणून दिलं. अर्धा डबा भागम्मानं शाळेत वाटून टाकला. आठ वर्षांची झाली, पण हात तुमच्यासारखा सैल आहे. वहिनी म्हणतील, मामावर गेली.

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, आता पूर्ण्यात काय उरलंय, असं आपण विचारलंत. अण्णा, शाळा उरली आहे. मालधक्क्यावरच्या बाबूची बायको म्हणून मी इथं आले. आता पहिली-दुसरीच्या बाई म्हणून मला लोक ओळखतात. क्वार्टर गेलं तेव्हा फादरांनी शाळेमागची खोली दिली. शेजारी दगडाबाई राहते, तीच घंटा देते आणि झाडलोट करते. एकटी आहे असं मनात आणू नये.

फादरांचं नाव अन्सेल्मो. ते इटली देशाचे, पण इथं बारा वर्षं झाली. मुलं अन्सेलबाबा म्हणतात. मराठी शिकले ते दगडाबाईकडून, म्हणून बोलतात रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांसारखं. वरच्या साहेबासमोर एकदा, मी लय दमलोय, असं म्हणाले आणि साहेब बघतच राहिला.

परवा नाताळ झाला. सत्तेचाळीस मुलं, त्यांत ख्रिस्ती अठरा. बाकी आपल्यासारखी, रेल्वेतल्या हमालांची, गँगवाल्यांची. नाटुकल्यात भागम्मा देवदूत झाली होती. पाठीला कागदाचे पंख लावले होते. रोझलिनबाई, म्हणजे वरच्या वर्गांच्या बाई, पंख बांधताना गळ्यातलं लिंग काढायला लागल्या तर फादरांनी हात धरला, ते असू द्या म्हणाले.

आणखी एक गंमत लिहिते. ओसरीच्या भिंतीला डांबर फासून फादरांनी वर पांढऱ्या रंगानं पूर्ण्याच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या आहेत. मुलांची गणितं त्यावरच चालतात. इथल्या पोराला आंबे-पेरू मोजता येत नाहीत, पण मनमाडची गाडी किती लेट हे अचूक सांगतं.

संक्रांतीला येतो आहोत. वहिनींना नमस्कार. रागावला असाल तर तो राग तिळगुळापर्यंत टिकू देऊ नये.

आपली धाकटी,
नीलम्मा


॥ श्री सांब प्रसन्न ॥

सेलू, ता. ५ जानेवारी १९४०

चि. गं. भा. नीलम्मा हिस सिद्रामप्पाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावलं. त्याआधीच खबर पावली होती. मानवतचे बन्सीधरशेठ नाताळाच्या दिवशी पूर्ण्यात गाडी बदलायला उतरले होते. गर्दी दिसली म्हणून डोकावले. सिद्रामप्पाची भाची पाठीला पंख लावून पाळण्यापुढं गुडघे टेकून बसली होती, असं त्यांनी माझ्या अडतीवर दहा माणसांत सांगितलं. सोमवारी मठात गेलो तर स्वामींनीही विचारलं की पोरगी अजून आपली आहे का. प्रसाद न घेता उठलो.

तू नाटुकलं म्हणतेस. आज नाटुकलं, उद्या डोक्यावर पाणी. मग तिला सोयरीक कोण देणार, हे तुझे फादर सांगणार आहेत का? बोरीच्या एका चांगल्या घरचे लोक विचारायला लागलेत. घाई नाही, पण नाव खराब झालं तर ते घर परत येणार नाही.

बाबांनी जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. इथं घर आहे, वहिनी आहे, तुला कोणी एका शब्दानं दुखवणार नाही. पाडव्याला मी स्वतः न्यायला येईन. संक्रांतीला या, तेव्हा बाकीचं बोलू. भागम्मासाठी परकराचं कापड काढून ठेवलं आहे.

काळजी करणाऱ्याला रागीट समजू नये.

तुझा,
सिद्रामप्पा


॥ श्री सांब प्रसन्न ॥

पूर्णा जंक्शन, ता. २४ एप्रिल १९४०

तीर्थस्वरूप अण्णा यांचे सेवेशी,
नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला आपण आलात आणि रिकाम्या हातानं परत गेलात. गाडी सुटेपर्यंत आपण माझ्याकडं पाहिलं नाहीत, ते मनातून जात नाही. संक्रांतीला हीच भागम्मा आपल्या मांडीवर बसून गाड्यांच्या वेळा घडाघडा म्हणत होती आणि आपण पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होता. तेव्हा वाटलं होतं, अण्णांचा राग गेला.

आपण गेल्यावर मी फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या भावाला मी खोटं सांगणार न्हाई. पोरगी ख्रिस्ती झाली तर मला आनंदच होईल, पण ती मोठी होऊन स्वतः मागेल तोवर मी पाण्याचा थेंब लावणार न्हाई. सेलूला येऊन आपल्याला हेच तोंडानं सांगायची त्यांची तयारी आहे. मला हे बोलणं सरळ वाटलं. आपल्यालाही वाटेल, एकदा ऐकून तर घ्यावं.

रविवारी त्यांच्या नावाचा सण झाला. दरसाल एकवीस एप्रिलला असतो. पोत्यात पाय घालून शर्यती, मग जिलबी. लिंबाजी गँगमननं हलगी वाजवली आणि फादर झगा वर धरून नाचले. ह्याच लिंबाजीला महिन्याआधी पिऊन शाळेत आला म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात आहेत. सणाच्या दिवशी फादरांनी पहिली जिलबी त्याच्या हातावर ठेवली.

अण्णा, मला आणखी एक वर्ष द्यावं. भागम्माची तिसरी होऊ द्यावी. मग आपण म्हणाल तसं.

आपल्या मनात जागा राखून ठेवावी.

नीलम्मा


॥ श्री सांब प्रसन्न ॥

सेलू, ता. २६ जून १९४०

चि. गं. भा. नीलम्मा हिस अ. उ. आ. वि. वि.

इटलीवाले लढाईत उतरले, सरकारच्या विरुद्ध. बाजारात दुसरा विषय नाही. तुझे फादर आता शत्रूच्या मुलखाचे झाले. हैदराबादेकडच्या काही पाद्र्यांना गाव सोडायची बंदी झाली, असं ऐकतो. जंक्शनासारख्या नाजूक जागी असा माणूस सरकार किती दिवस ठेवील?

परवा इथले अमीनसाहेब दुकानी चहाला बसले होते. पूर्ण्याचा विषय निघाला. त्यांचंही मत पडलं की बायकामुलांनी अशा जागी राहू नये. मी सांगितल्यावर तू हसतेस, पोलिसाच्या माणसाचं तरी ऐक.

पेरण्या झाल्या की ये. वर्ष देण्याची गोष्ट आता राहिली नाही.

सुखरूप असल्याचं उलट टपाली कळव.

सिद्रामप्पा


॥ श्री सांब प्रसन्न ॥

पूर्णा जंक्शन, ता. १८ ऑगस्ट १९४०

तीर्थस्वरूप अण्णा यांचे सेवेशी,
नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

फादरांना नेलं.

पंधरा तारखेला मरियामातेचा सण होता. सकाळी मुलं मिरवणुकीसाठी रांगेत उभी होती, तेवढ्यात परभणीहून एक अधिकारी आणि दोन शिपाई आले. जूनपासून फादर दर आठवड्याला चौकीवर हजेरी देत होते, तेव्हा आम्हाला वाटलं तसंच काही असेल. पण अधिकारी थेट ओसरीवर गेले आणि भिंतीसमोर उभे राहिले. ह्या वेळा कोणी लिहिल्या, कशासाठी लिहिल्या, मालगाड्यांच्या का लिहिल्या, असं विचारलं. फादर म्हणाले, गणितासाठी. अधिकाऱ्यांनी सगळी भिंत कागदावर उतरवून घेतली. मग म्हणाले की आम्हाला पक्की खबर आहे, तुम्ही गाड्यांची नोंद ठेवता. रोझलिनबाई इंग्रजीत पुष्कळ बोलल्या. त्यांचा नवरा पंचवीस वर्षं रेल्वेत आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

फादरांनी एकच मागितलं, सण पुरा होऊ द्या. तो अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हता. खुर्चीवर बसून राहिला, मुलांनी दिलेलं सरबत प्याला. मिरवणूक निघाली. मुलं गात होती आणि रोझलिनबाईंचा आवाज मध्येच थांबत होता. जेवण झालं, शर्यती झाल्या. संध्याकाळच्या मनमाडच्या गाडीनं त्यांना नेलं. सामान म्हणजे एक वळकटी आणि पुस्तकांची पेटी. पेटी शिपायांनी ठेवून घेतली. गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली. फादर खिडकीतून भागम्माला म्हणाले, आता मनमाडला किती वाजता पोचंल ते काढून ठेव. ती रात्रीपर्यंत पाटीवर तेच करत बसली होती. मी पाटी काढून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी हुकूम झाला म्हणून दगडाबाईनं भिंतीला चुना फासला. चुन्यातून डांबर अजून दिसतं.

अण्णा, अशी खोटी खबर कोणी दिली असेल? ज्यानं दिली त्याच्या घरी लेकरं नसतील.

शाळा बंद करणार नाही. रोझलिनबाई आणि मी चालवू. म्हणून आत्ता सेलूला येता येत नाही. क्षमा असावी.

नीलम्मा


॥ श्री ॥

सेलू, ता. २० सप्टेंबर १९४०

चि. गं. भा. नीलाताईस शांतम्माचा सप्रेम आशीर्वाद. वि. वि.

माझं अक्षर वाकडं, सांभाळून घ्या. यांना न सांगता लिहायलेय.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते दोनदा वाचलं आणि गादीखाली ठेवलं. तवापासून जेवण तुटलंय. दुकानात बसतेत, पण माप चुकायलंय. मठात जाणं बंद. बोरीचे पाहुणे आले होते भागम्माची गोष्ट काढायला, तर यांनी त्यांना आत्ता नको म्हणून वाटेला लावलं. मला वाटलं हे खूश होतील, हे तर न्हाणीत जाऊन बसले. अमीनसाहेब दुकानी आले तर हे मागच्या दारानं गोदामात गेले. कधी असं केलेलं न्हाई.

तुम्हाला आणा म्हटलं तर म्हणतेत, राहू दे तिला तिथं. दोन वर्षं ज्यासाठी भांडले ते सोडून दिलं. तुम्ही काही टाकून लिहिलंत का? लिहिलं असंल तर एक ओळ गोड लिहा. मोठा भाऊ हाय, मन लागलंय तुमच्यात.

भागम्माला माझ्या वतीनं जवळ घ्या.

तुमची वहिनी,
शांतम्मा


॥ श्री सांब प्रसन्न ॥

पूर्णा जंक्शन, ता. २९ डिसेंबर १९४०

तीर्थस्वरूप अण्णा यांचे सेवेशी,
नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

दोन पत्रांना आपलं उत्तर नाही. वहिनींकडून तब्येत कळते.

नाताळ झाला असं म्हणायचं. पाद्री नसल्यानं पूजा नव्हती. रोझलिनबाईंनी प्रार्थना वाचली. एकतीस मुलं उरली आहेत. नाटुकलं करायचं नाही असं ठरवलं होतं, पण मुलांनीच आपल्याआपण केलं. मध्ये एकजण वाक्य विसरला तर कोणीच हसलं नाही. फादर असते तर तेच मोठ्यानं हसले असते.

त्यांचं पत्र आलं. देहरादूनकडच्या छावणीत आहेत. इंग्रजीत लिहावं लागतं, निम्म्या ओळी काळ्या केलेल्या. रोझलिनबाईंनी वाचून दाखवलं. छातीत कफ धरला आहे, थंडी सोसत नाही. मुलांची नावं घेऊन घेऊन विचारलं आहे.

आता जे लिहिते ते वाईट आहे. सगळी वस्ती म्हणते, खबर लिंबाजीनं दिली. फादरांनी त्याला हाकललं होतं, त्याचा डाव त्यानं साधला. तो शपथा घेतो, कोणी ऐकत नाही. त्याची बायको मनकर्णा नळावर गेली की बाकीच्या घागरी उचलतात. ऑक्टोबरात त्याच्या दारावर दगड पडले. दोन्ही मुली शाळेत यायच्या बंद झाल्या. धाकटी एकदा फाटकापर्यंत आली होती. मी तिला आत बोलावलं नाही. माझ्याही मनात राग होता, अण्णा. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

लिंबाजीनं पुन्हा दारू धरली आहे. लाइनीवर काम करणाऱ्या माणसानं पिऊ नये.

आपल्या चार ओळी याव्यात.

नीलम्मा


सेलू, ता. ७ जानेवारी १९४१

चि. नीलम्मास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायचा हक्क आहे का, हे पत्र वाचून तू ठरव.

लिंबाजीनं खबर दिली नाही. ती माझ्या तोंडून गेली.

जूनमध्ये अमीनसाहेब दुकानी आले तेव्हा आधी मी भागम्माची बढाई मारली. आठ वर्षांची पोर, पूर्ण्याच्या सगळ्या गाड्या तोंडपाठ म्हणते. ते म्हणाले, कसं काय? मी म्हणालो, पाद्रीनं भिंतीवर लिहून ठेवल्यात. ते हसायचे थांबले. पाद्रीला गाड्या कशाला लागतात, असं विचारलं. नीला, तिथं मी गणितासाठी म्हणून सांगू शकलो असतो. तुझ्या पत्रात ते स्वच्छ लिहिलं होतं. मी म्हणालो, देव जाणे. त्या मुलखाचा माणूस, ठेसनाला लागून राहतो, मालगाड्याही सोडत नाही. एवढंच बोललो. मनात होतं की त्याला दुसऱ्या गावी हलवतील, शाळा मोडेल आणि तू घरी येशील. छावणीत कोंडतील हे मनात नव्हतं. पण वाईट व्हावं हे होतं.

सप्टेंबरात मी अमीनसाहेबांकडं गेलो. म्हणालो, ते बोलणं बिनबुडाचं होतं, कागद मागं घ्या. ते म्हणाले, शेठ, कागद हैदराबादेला गेला, तिथून पुढं गेला, आता तो माझा नाही आणि तुमचाही नाही. फार बोलाल तर तुमचीच चौकशी लागेल.

हे मी दडवणार होतो. लिंबाजीच्या मुलीचं वाचलं आणि दडवता येईना. शांतम्माला काल सांगितलं. ती ताट वाढून बाहेर जाऊन बसली.

तू म्हणशील ते करीन.

सिद्रामप्पा


पूर्णा जंक्शन, ता. ५ मार्च १९४१

ती. सिद्रामप्पा अण्णा यांस नमस्कार.

दोन महिने लिहिलं नाही. रोज वाटायचं, आज लिहावं, आणि लेखणी घेतली की काय लिहायचं तेच कळायचं नाही. खबर देणाऱ्याच्या घरी लेकरं नसतील असं मी लिहिलं होतं. तुम्हाला खरोखरीच मूलबाळ नाही आणि माझ्या लेकीला तुम्ही आपली मानलंत. ते वाक्य मी परत घेते. बाकीचं कसं परत घ्यायचं ते मला कळत नाही.

मी लिंबाजीच्या घरी गेले. मनकर्णाला म्हणाले, खबर तुमच्या माणसानं दिली नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिनं विचारलं, मग कोणी दिली? मला तुमचं नाव घेता आलं नाही. ती म्हणाली, बाई, नाव न्हाई तर तुमचं ठाऊक असणं आमच्या काय कामाचं? वस्तीतल्या चार बायकांनाही सांगून पाहिलं. नीलम्माबाईंचं मन मऊ आहे, एवढंच त्यांनी धरलं.

म्हणेन ते कराल असं लिहिलंत. एकवीस एप्रिलला फादरांच्या नावाचा दिवस आहे. ते नसले तरी रेल्वेची सगळी माणसं शाळेत जमतील. तुम्ही या आणि जे मला लिहिलंत ते त्यांच्यासमोर बोला. लिंबाजी बसलेला असेल असं मी बघेन.

आलात तर कोणी हात उगारील का, माहीत नाही. मी मध्ये पडणार नाही.

नीलम्मा


सेलू, ता. १४ एप्रिल १९४१

चि. नीलम्मास आशीर्वाद.

सकाळच्या गाडीनं येतो. शांतम्मा सोबत येते म्हणाली होती, मीच नको म्हणालो.

भागम्मा त्या वेळी तिथं नसली तर बरं होईल. पण तेही तूच ठरव.

सिद्रामप्पा


॥ श्री सांब प्रसन्न ॥

पूर्णा जंक्शन, ता. २४ एप्रिल १९४१

सौ. शांतम्मा वहिनींस नीलम्माचा सा. न. वि. वि.

अण्णा घरी पोचून काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

साठ-सत्तर माणसं होती. यंदा शर्यती नव्हत्या, नुसती प्रार्थना आणि गूळ-शेंगा. प्रार्थना झाल्यावर अण्णा ओसरीवर उभे राहिले. पागोटं काढून हातात धरलं होतं. आवाज बारीक होता, मागच्यांना ऐकू जाईना. कोणीतरी, मोठ्यानं बोला, असं म्हणालं तेव्हा त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आपलं नाव, गाव, माझं नातं, अमीनसाहेबांपुढं काय बोलले ते सगळं. काही लपवलं नाही. शेवटी लिंबाजीकडं वळून म्हणाले, तुमच्यावर जे पडलं ते माझं होतं.

कोणी हात उगारला नाही. तो उगारला असता तर बरं, असं मला वाटलं. लिंबाजी उठला, अण्णांसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, माझ्या दारावर दगड पडले तवा तुमी कुठं होता? अण्णा म्हणाले, दुकानात. लिंबाजी मान हलवून तसाच निघून गेला. मग बायकांनी मनकर्णाला जवळ बसवून घेतलं, पण तिनं गूळ घेतला नाही.

दगडाबाईनं अण्णांना पाणी दिलं. रोझलिनबाई उठून आत गेल्या. गाडीला चार तास होते, ते अण्णांनी फलाटावरच काढले.

लिंबाजीची धाकटी मंगळवारी शाळेत आली. मी फाटकाशीच उभी होते. थोरली येत नाही. तिला आता लाज नाही, राग आहे, असं मनकर्णा म्हणते.

भागम्माला मी दूर पाठवलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत होती. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं तेव्हा तिनं मान खाली घातली. त्या दिवसापासून मामाचं नाव काढत नाही. मी विचारत नाही.

अण्णांना जेवायला लावा. मी त्यांच्यावर चिडलेली आहे, पण त्यांनी उपाशी राहावं असं मला वाटत नाही.

तुमची,
नीलम्मा


पूर्णा जंक्शन, ता. २ नोव्हेंबर १९४१

ती. अण्णा यांस नीलम्माचा नमस्कार.

फादर अन्सेल्मो नऊ ऑक्टोबरला छावणीच्या दवाखान्यात वारले. छातीचाच विकार. हैदराबादेहून बिशपसाहेबांकडून पत्र आलं तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते. इथं आम्ही त्या दिवसांत मुलांच्या परीक्षा घेत होतो.

आज ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस असतो. थडग्यावर मेणबत्ती लावायची असते. इथं थडगं नाही, म्हणून मुलांनी ओसरीच्या काठावर लावल्या. वाऱ्यानं विझायच्या, परत लावायच्या. लिंबाजी आला होता. पिऊन नव्हता. त्याला बघून रोझलिनबाई जागेवरून उठल्या आणि त्याला जागा दिली.

तुम्हाला हे टोचण्यासाठी कळवत नाही. कळायला हवं म्हणून कळवते. तुम्ही बोलला नसता तरी कदाचित त्यांना नेलंच असतं, असं रोझलिनबाईंचे यजमान म्हणतात. त्या देशाचे पुष्कळ पाद्री नेले. हे खरं असेल. मी त्यावर विचार करून पाहिला. त्यानं तुमचं ओझं किती कमी होतं ते तुम्हीच बघा. माझं झालं नाही.

नाताळला येऊ का, असं तुम्ही विचारलंत. आम्ही नाताळ करणार आहोत. तेवीस मुलं आहेत. येण्याबद्दल भागम्माला विचारा. तिला दहा वर्षं पूर्ण झाली, लिहिता येतं. ती जे म्हणेल ते माझं उत्तर.

प्रकृतीला जपावं.

नीलम्मा


॥ श्री सांब प्रसन्न ॥

पूर्णा जंक्शन, ता. १४ डिसेंबर १९४१

ती. मामांस भागम्माचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. मी ते आईला दाखवलं नाही, तिनं मागितलंही नाही.

आमची चौथी चालू आहे. मी आता सकाळी पहिलीच्या मुलांकडून बाराखडी गिरवून घेते, कारण रोझलिनबाईंच्या यजमानांची बदली झाली आणि त्या नाताळानंतर जाणार. मग आई एकटीच राहील. मी तिला मदत करीन. बोरीच्या लोकांना तुम्ही नाही म्हणालात हे मामीनं मला सांगितलं. ते बरं केलंत.

मामा, तुम्ही पत्रात लिहिलंत की तुला माझा राग आला असेल. आला होता. तुम्ही बोललात त्या दिवशी मी रडले नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत रडले. मला असं वाटायचं की गाड्यांच्या वेळा तुम्हाला मीच म्हणून दाखवल्या. तुमच्या मांडीवर बसून तीन वेळा म्हटल्या होत्या. तुम्ही आणखी म्हण म्हणालात म्हणून मी मालगाड्यासुद्धा म्हटल्या. आई म्हणते त्यात माझा काही दोष नाही. दगडाबाई पण म्हणते. मला ते कळतं, पण मी आता कोणालाच काही म्हणून दाखवत नाही. कविता पण नाही. बाई रागावल्या तर पाटीवर लिहून देते.

अन्सेलबाबा वारले तेव्हा मला वाटलं, तुम्हाला आता फार वाईट वाटत असेल. तेव्हा तुमची दया आली. पण ती आली आणि पुन्हा गेली.

तुम्ही नाताळला आलात तर सगळे तुमच्याकडं बघतील आणि मग माझ्याकडं बघतील. लिंबाजीकाका पण येणार आहेत, त्यांची थोरली पण पहिल्यांदाच येणार आहे. तिला मी बोलावून आणलं. तुम्ही असलात तर ती परत जाईल.

म्हणून मामा, यंदा येऊ नका. पुढल्या वर्षी या.

मामीला नमस्कार सांगा. पत्राच्या शेवटी मोठ्यांकडं लोभ मागायचा असतो, असं आईनं शिकवलंय. माझ्यावर असलेला लोभ तुम्ही राहू द्यावा.

तुमची भाची,
भागम्मा